कशेळ्याची हळद आणि भाऊजींचा डीजे

मैत्रिणींनो, कर्जत म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? स्टेशनावरचा दिवाडकरांचा बटाटेवडा, आणि घाट चढायला गाडीला मागून लागणारं जादा इंजिन. होय ना? माझंही लग्नापूर्वी तेवढंच होतं. पण सासर मिळालं ते कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला, कशेळ्याला. (कनकादित्याची कशेळी वेगळी बरं का, ती तिकडे राजापूर तालुक्यात!) आम्ही राहतो डोंबिवलीत. पण घरातलं कुठलंही लग्न असलं की हळदीला कशेळं गाठायचंच, हा आमच्या घरचा शिरस्ता.

कर्जतला उतरून अर्धा-पाऊण तास गेलं की कशेळ्याचा नाका येतो. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि मधे भातखाचरं. इथूनच एक रस्ता आंबिवलीकडे, म्हणजे पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याला जातो आणि एक खांडसला. खांडसहून गणेश घाटानं भीमाशंकर चढता येतं. शिडी घाटही आहे, पण तुम्ही मुलांना घेऊन त्या वाटेला जाऊ नका. भर वैशाखातही इथली पेज नदी आटत नाही, कारण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला मिळतं. ते वीजघर १९२२ सालचं!

पण आज मला सांगायचंय ते आमच्या भाऊजींविषयी. भाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. पन्नाशीला आलेत, पण पंचक्रोशीत ओळख एकच : डीजेवाले. लहानपणी घरी टेपरेकॉर्डर आला आणि ह्यांनी कॅसेट पेन्सिलीनं फिरवून फिरवून एकच ठेका पुन्हापुन्हा ऐकायला सुरुवात केली. मग बेंजो पार्टीत वाजवणं झालं, मग सीडी आणि आता लॅपटॉप. २००७ साली गोव्यात कांदोळीला ‘सनबर्न’ नावाचा मोठा नाचगाण्याचा उत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा स्वारी भात झोडणी अर्धी टाकून तिकडे पळाली होती! घरी काय रामायण झालं असेल, त्याची तुम्हीच कल्पना करा.

मलाही पूर्वी वाटायचं, दुसऱ्याची गाणी लावायची, यात कसली आली कला? एकदा भाऊजींनी जवळ बसवून दाखवलं. एक गाणं लोकांना ऐकू येत असतं, तेव्हा दुसरं त्यांच्या एकट्याच्या कानात चालू असतं. दोघांची लय जुळवायची, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके, आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळू न देता एकातून दुसऱ्यात जायचं. मी म्हटलं, “अहो, हे तर आमच्या पोळ्यांसारखंच. एक तव्यावर फुगतेय तोवर दुसरी लाटून तयार हवी!” भाऊजी पोट धरून हसले.

हे सगळं खूळ परदेशातून आलं असं आपण म्हणतो. तर त्यांनी मला चरणजितसिंग यांची तबकडी ऐकवली. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या वादकानं १९८२ साली भैरवी, तोडी, मालकंस अशा दहा रागांना यंत्राच्या ठेक्यावर बसवलं. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पुढे पाच वर्षांनी अमेरिकेत, शिकागोला, तशाच यंत्रातून काढलेल्या संगीताचा बोलबाला झाला. २०१० साली ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले. २०१५ साली ते वारले. आणि २०२४ साली क्रेटेक्स या मराठी मुलाचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणं थेट हॉलंडच्या कंपनीनं काढलं, तेव्हा भाऊजींनी गावभर पेढे वाटले. जणू मुलगाच दहावी झाला!

आता मुख्य गोष्ट. भाऊजींच्या आई, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, धवलारीण. आगरी लग्नात धवला गाणारी बाई हवीच. तिच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. पण मांडवात डीजे सुरू झाला की त्यांचा आवाज कुणाला ऐकू येणार? त्या गात राहायच्या, ओठ हलताना दिसायचे, एवढंच. तक्रार मात्र कधी केली नाही.

चार वर्षांपूर्वी भाऊजींच्या उजव्या कानात रातकिड्यासारखं वाजायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या नाजूक पेशी गेल्या, त्या पुन्हा येत नाहीत. भाऊजी हे हसण्यावारी नेत होते. पण एका पहाटे सासूबाई जात्याशी गुणगुणत होत्या, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकाला ते ऐकू आलं नाही. “वहिनी, त्या दिवशी मी घाबरलो,” असं ते मला म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्या हळदीची रीत बदलली. आधी धवला, तोही माइकवर. मग डीजे, पण खोक्यांची तोंडं मांडवाकडे नाहीत, मोकळ्या शेताकडे. आणि रात्री दहाला बंद म्हणजे बंद, २००० सालापासून कायदाच आहे तसा. यामुळे दोन सुपाऱ्या हातच्या गेल्या. पोरांना छाती हादरायला हवी असते ना!

त्यांनी आईची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि विचारलं, “आये, याखाली ठेका लावू?” सासूबाई म्हणाल्या, “देवाचा गाना हाय रं. त्यावर नाचाचा नाय.” आयुष्यभर ज्या माणसानं दिसेल त्या सुराखाली ठेका घातला, त्यानं तिथे हात आवरला. ती गाणी पेनड्राइव्हवर तशीच आहेत. भाऊजी ती डाव्या कानानं ऐकतात.

परवाच्या हळदीत दहाला यंत्र थांबलं. घामेजलेली पोरं तशीच उभी होती. कोपऱ्यातून सासूबाईंनी सूर लावला, बाकीच्या बायकांनी उचलला. माइक नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. मी भाऊजींकडे पाहिलं. ते मान किंचित वळवून, डावा कान पुढे करून बसले होते.

जाता जाता घरच्यासाठी दोन शब्द. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण शंभराचा जेमतेम पाव तास. तेव्हा मांडवात लेकरांना खोक्यांपुढे बसवू नका. कापसाच्या बोळ्यांवर विसंबू नका, औषधांच्या दुकानात कानात घालायची बुचं मिळतात, ती पर्समध्ये असू द्या. आणि कशेळ्याला कुणाच्या हळदीला गेलात, तर लवकर जा. धवला आधी असतो.