टबाचं पाणी, स्ट्रॉबेरी आणि खालचा ओढा



आमच्या पाचगणी-भिलार पट्ट्यात गेल्या काही वर्षांत बंगले आणि होमस्टे वाढले, आणि त्यांच्या अंगणात गरम पाण्याचे टब आले. कोणी त्याला जकुझी म्हणतं, कोणी हॉट टब. चार-सहा माणसं बसतील असा टब हजार ते दीड हजार लिटरचा असतो. त्यातलं पाणी दर तीन-चार महिन्यांनी बदलावं लागतं. पावसाळ्यात या पाण्याचं कोणाला काही वाटत नाही. पण मार्च-एप्रिलला झरे आटतात, टँकरच्या खेपा सुरू होतात, तेव्हा दीड हजार लिटर पाणी गटारात जाताना बघवत नाही. मग मला विचारणा होते, "दादा, टबाचं पाणी शेताला सोडलं तर चालतंय का?"

एका शब्दात उत्तर नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

यंदा मार्चमध्ये आमच्या वरच्या अंगाच्या एका बंगल्याचा टब रात्री मोकळा झाला. पाणी सरळ ओढ्यात. सकाळी माझी आई शेरडांना पाणी पाजायला डोहावर गेली, तर बारके मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि दोन-चार खेकडे काठावर येऊन पडले होते. त्याच डोहातून मी पाइप टाकून स्ट्रॉबेरीला पाणी घेतो आणि खालची दोन घरं जनावरं पाजतात. आई घरी येऊन एवढंच म्हणाली, "आज मोटर लावू नगंस." मी लावली नाही आणि तडक बंगल्यावर गेलो.

मालक शहरातले, माणूस वाईट नाही. म्हणाले, "अहो दादा, क्लोरीनच तर आहे. तुमची ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टीसीएल टाकतेच की!"

हा मुद्दा बऱ्याच जणांना पटतो, म्हणून नीट बघू. पिण्याच्या पाण्यात नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा असा आपला दंडक आहे. टबात माणसं बसतात, पाणी ३८-४० अंश गरम, त्यामुळे तिथं रोजचाच क्लोरीन ३ मिलिग्रॅमच्या वर ठेवावा लागतो. म्हणजे पंधरा पट. शिवाय टब मोकळा करायच्या आदल्या दिवशी सफाईवाले पाइपांतली बुळबुळ काढायला क्लोरीनचा जादा डोस देतात. तेव्हा तो १० च्या पुढे जातो आणि नेमकं तेच पाणी बाहेर सोडलं जातं. आता माशांचं बघा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी ठरवलेली मर्यादा आहे ०.०१९ मिलिग्रॅम, तीसुद्धा थोड्या वेळापुरती. कायमसाठी ०.०११. माणसाला जे पाणी पिण्याजोगं, त्यातसुद्धा मासा मरतो. मत्स्यशेती करणाऱ्यांना हे सांगायला नको, नळाचं पाणी ते टाकीत तसंच कधी भरत नाहीत.

मी हे सांगितल्यावर साहेब गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, मग करायचं काय? सांगा तुम्हीच." तिथून पुढचं काम सोपं झालं. बंगल्यावर राखणीला असलेले मामा आणि मी, आम्ही दोघांनी मिळून एक पद्धत बसवली.

पहिली गोष्ट, पाणी वापरायचं असेल तर मोकळं करण्याआधी जादा डोस द्यायचा नाही. पाइपांची सफाई करायचीच असेल तर ते पाणी वेगळं धरायचं, ते झाडाला नाही. हीटर बंद करायचा, झाकण काढायचं आणि हवेचे फवारे दिवसातून दोन-तीनदा चालवायचे. ऊन आणि हवा मिळाली की क्लोरीन उतरतो. किती दिवसांत? इथं दिवस मोजू नका. त्या गोळ्या आणि पावडरीत सायन्युरिक आम्ल असतं, ते क्लोरीनला उन्हापासून जपतं. त्यामुळे एका टबाला दोन दिवस लागतील, दुसऱ्याला आठवडा. मोजूनच ठरवायचं. त्यासाठी महागडं यंत्र नको. आपल्या गावच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, जितकं पिवळं तितका क्लोरीन. पिवळेपणा अजिबात दिसला नाही तरच पुढं जायचं. (तपासलेलं पाणी परत टबात ओतू नका, ते रसायन विषारी आहे.)

घाई असेल तर मत्स्यबीजाच्या दुकानात हायपो मिळतो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. क्लोरीनच्या सात पट धरला तर कमी पडत नाही. १२०० लिटरचा टब, त्यात ५ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे एकूण ६ ग्रॅम. त्याला साधारण ४० ग्रॅम हायपो. मूठभर माल, फार खर्च नाही. बादलीत विरघळून टाकायचा, पंप फिरवायचा आणि परत ओटी बघायची.

एक इशारा. ओटीत पिवळं दिसलं नाही म्हणजे ओढ्यात सोडायला मोकळीक, असं समजू नका. माशाला मारणारा क्लोरीन इतका कमी असतो की या बाटलीला तो दिसतच नाही. आणि शेवाळ मारायला टबात तांब्याचं औषध वापरलं असेल तर हायपोने तांबं जात नाही. मोरचूद पाण्यातल्या जिवांचं काय करतं हे द्राक्षवाल्यांना ठाऊक आहे. तेव्हा ओढा, विहीर, शेततळं यांच्यापासून हे पाणी कायमचं लांब.

आता खरा प्रश्न, पिकाचा. क्लोरीन उडून जातो, मीठ उडत नाही. टबात तीन महिने काय काय पडतं बघा: पीएच उतरवायची पावडर, पीएच चढवायची पावडर, क्लोरीनचे क्षार, माणसांचा घाम, लोशन. वरून वाफ होऊन पाणी आटतं, आपण वरून भर घालतो, मीठ मागेच राहतं. माझ्याकडं ड्रीपच्या खतासाठी घेतलेला ईसी मीटर आहे. आमच्या झऱ्याचं पाणी ०.१ च्या आसपास. त्याच झऱ्याच्या पाण्याने भरलेला टब तीन महिन्यांनी १.१ निघाला. एफएओच्या तक्त्यात स्ट्रॉबेरीला पूर्ण उत्पन्नासाठी पाण्याचा ईसी ०.७ पर्यंतच चालतो. मिठाला हे पीक फार नाजूक, घेवडाही तिच्या जोडीला. धाकटा भाऊ म्हणत होता, "झऱ्याच्या पाण्यात निम्मं मिसळून देऊ की." हिशेबाने ईसी ०.६ येतो, बसतो. तरी मी नाही म्हणालो. कारण फळ कच्चं खाल्लं जातं आणि ते पाणी दहा माणसांच्या अंघोळीचं आहे. क्लोरीन काढला की कोमट पाण्यात जंतू वाढायला मोकळे. आपण एका हाताने विष काढतो आणि दुसऱ्या हाताने जंतूंना दार उघडतो. म्हणून ओटी निरंक आली की एक-दोन दिवसांत पाणी संपवायचं, साठवायचं नाही. आणि स्प्रिंकलरने कधीच नाही, टबातल्या काही जंतूंचा धोका श्वासातून जाणाऱ्या तुषारांतच असतो. नळीने, बुडाशी, हळू.

कृषी पदवीधर मंडळींसाठी थोडं जास्त. टबाची अल्कलिनिटी राखायला खाण्याचा सोडाच टाकतात. या बंगल्यावर तीन महिन्यांत पाव किलो गेला. १२०० लिटरला २५० ग्रॅम म्हणजे लिटरमागे जवळपास अडीच मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट, आणि तेवढाच सोडियम. आमचं झऱ्याचं पाणी मऊ, कॅल्शियम-मॅग्नेशियम नावाला. म्हणजे ईसी बरा दिसला तरी आरएससी २.५ च्या धोक्याच्या रेषेपाशी जाऊ शकतो. पीएच उतरवायची पावडर टाकली तर बायकार्बोनेट कमी होतो, पण सोडियम तिथंच राहतो. त्यामुळं नुसता ईसी बघून कोणाला सल्ला देऊ नका, टबात काय काय ओतलं ते आधी विचारा.

शेवटी पाणी गेलं कुठं? बंगल्याच्या हिरवळीला आणि कडेच्या सिल्व्हर ओकला. एक गुंठ्यावर १२०० लिटर पसरलं तर १२ मिलिमीटरचं पाणी होतं, जमीन आरामात पिते, वाहून ओढ्याला जात नाही. एका खेपेला पाऊण किलोच्या आसपास मीठ जमिनीत जातं. आमच्याकडं लाल माती आणि धुवांधार पाऊस, जूनपासून सगळं धुऊन निघतं. पण फलटण-बारामतीकडची काळी माती असेल, पाऊस कमी असेल, तर हाच हिशेब लागू करू नका. तिथं सोडियम धुतला जात नाही, साठत जातो, आणि चोपण जमीन काय असते हे तुमच्याकडचे जाणते आमच्यापेक्षा जास्त सांगतील. तिथं हे पाणी संडासात ओतायला, अंगण धुवायला, गाडी धुवायला वापरा.

अजून काही ठिकाणी चुकूनही नको. सेप्टिक टँकमध्ये एकदम हजार लिटर सोडलं तर गाळ उसळून शोषखड्ड्यात जातो. गोबरगॅसमध्ये नको. जीवामृत किंवा ट्रायकोडर्मा भिजवायला नको, क्लोरीनचा अंश राहिला तर तेही मरणार. जनावरांना पाजायला नको. ब्रोमीनवाला टब असेल तर पालेभाज्यांच्या जवळपास नेऊ नका, ब्रोमाइड झाड सहज ओढून घेतं.

डोहात पावसाळ्यानंतर मासे परत आले तर कळवीन. मामा आता टब मोकळा करायच्या आठ दिवस आधी फोन करतात. खालच्या अंगाला नवीन झालेल्या बंगल्यात मात्र मिठावर चालणारं क्लोरीनचं यंत्र बसवलंय. त्या टबात लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, ते पाणी स्ट्रॉबेरी-घेवड्यासारख्या नाजूक पिकाला देता येणार नाही. त्यांच्याशी बोलणं अजून व्हायचंय, बहुतेक येत्या रविवारी.

कोणाच्या टबाचं पाणी असेल तर स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर आणा, ईसी आणि पीएच मोजून देतो. सोबत टबात टाकलेल्या औषधांच्या डब्यांचे फोटोही आणा.