पानात पडेल ते

आमच्या घरातला पहिला संस्कार संध्याकाळच्या परवच्याचा नव्हे, पानाचा. पानात पडेल ते मुकाट्याने खावे, आणि खाताना तोंड वाकडे करू नये. आजोबा होळकर सरकारच्या जमाबंदी खात्यात कारकून होते. १९४८ साली संस्थान गेले, आजोबांची नोकरी पुढे निवृत्तिवेतनात गेली, पण पंगतीवरचा त्यांचा अंमल मात्र कुठेही विलीन झाला नाही. मूल पानात काही ठेवून उठले तर ते रागावत नसत. ‘झाकून ठेवा’ एवढेच आईला सांगत. रात्री तीच वाटी, तीच भाजी, अधिक गार आणि अधिक काळी होऊन समोर येई. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिसऱ्यांदा येण्याची वेळ फार थोड्या वेळा आली.

माझे वैर घोसाळ्याशी होते. इंदूरात चार पिढ्या काढल्यावर आमच्या मराठीत घोसाळे उरले नव्हते, त्याची गिलकी झाली होती. दुधीची लौकी आणि दोडक्याची तोरई. नावे बदलली तरी गिळगिळीतपणा जात नाही, हे मी फार लहानपणी शिकले. थोरल्या दादाचे वैर कारल्याशी. आई कारल्याला मीठ लावून पिळून घेई, चिंच-गूळ घाली, तरी पहिल्या घासाला दादाच्या डोळ्यांत पाणी येई. मधल्या बहिणीला दुधावरची साय पाहून शिसारी येई, आणि नेमकी साय हीच आजोबांच्या मते मुलांना द्यायची सर्वांत मोलाची वस्तू! आज आम्ही तिघेही सत्तरीच्या आसपास आहोत. माझ्या घरात गिलकी येत नाही, दादाच्या पानाला कारले शिवत नाही आणि बहीण चहाचे दूधसुद्धा गाळून घेते. रागाच्या भरात केलेली प्रतिज्ञा माणूस विसरतो. जिभेने केलेली विसरत नाही.

पण या साऱ्या भाज्यांहून अवघड आठवण आहे ती पोळीची. मालव्यात राहून पोळी नकोशी व्हावी, हे आमच्या नातवंडांना सांगूनही पटत नाही. येथला गहू म्हणजे या प्रांताचा अभिमान. बाफल्यांना आणि लाडवांना कठिया, पोळीला पिवळाधमक गहू. आणि कोकणातून आलेल्या आमच्या पूर्वजांनी भात मागे टाकला तो या गव्हाच्या भरवशावर, असे आजोबा म्हणत. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने देशाला दगा दिला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची हाक दिली, आणि आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटेनाशी झाली. १९६६ साली देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले. त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखालचा गहू, आणि तोही अध्यक्ष जॉन्सन यांच्या धोरणामुळे हात आखडून, थोडा थोडा सुटणारा. जहाज बंदराला लागावे आणि धान्य थेट तोंडात पडावे, अशी ती अवस्था होती.

तो गहू कंट्रोलच्या दुकानातून आमच्या पिशवीत आला. दाणा लालसर, आणि त्याला गोणपाटाचा आणि कसल्याशा औषधाचा वास. आई तो दोनदा धुऊन उन्हात घाली, निवडताना त्यातून अनोळखी बिया काढी. कणीक कोमट पाण्यात भिजवून तासभर झाकून ठेवी, कधी दुधाचा हात लावी. तरीही पोळी व्हायची ती तांबूस, आणि गार झाली की रबरासारखी ताणली जायची. पहिल्या दिवशी आजोबांनी घास तोंडात घेतला, बराच वेळ चावला आणि पाण्याबरोबर गिळला. कोणी काही बोलले नाही. मी दहा वर्षांची होते. त्या पंगतीत मला प्रथमच कळले की पानात पडेल ते खाण्याची सक्ती मोठ्यांवरही होते, आणि ती करणारा कधी कधी सात समुद्रांपलीकडे बसलेला असतो.

लाल गव्हाबद्दलची नावड आमच्या एका घरापुरती नव्हती. पुढे मेक्सिकोहून उंचीने ठेंगण्या, भरपूर पिकणाऱ्या जाती आल्या, त्यांचाही दाणा लालच होता. तेव्हा दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ‘सोनोरा ६४’ या जातीवर किरणांचा प्रयोग करून तिचा रंग पालटला आणि ‘शरबती सोनोरा’ तयार केली. भुकेल्या देशानेसुद्धा पोळीचा रंग सोडला नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. दादा मात्र हा जिभेचा हट्ट मानतो. कारले न खाणाऱ्या माणसाने असे म्हणावे, हे विशेष.

या सर्व काळात आई काय खात होती? पंगती उठल्यावर ती आणि काकू बसत. उरलेली भाजी, सकाळची पोळी, कधी पातेल्याच्या तळाला लागलेला भात. तिला अमुक आवडत नाही, असे आम्ही कधी ऐकले नाही. ती सर्व काही खाते, अशीच घरात समजूत होती.

२०१४ साली, ऐंशी उलटल्यावर, ती काही दिवस रुग्णालयात होती. आहाराची नोंद घेणारी एक तरुण मुलगी कागद घेऊन आली आणि सरळ हिंदीत विचारती झाली, ‘अम्माजी, क्या-क्या नहीं खातीं?’ मी ‘सब खाती हैं’ म्हणणार, इतक्यात आई बोलू लागली. कारले नको. पडवळ नको. मेथी नको. शिळी पोळी तर मुळीच नको. लौकी चालेल, पण रोज नको. ती थांबून थांबून, आठवून सांगत होती आणि ती मुलगी निमूटपणे लिहून घेत होती. कागदावरच्या चार रेघा संपल्या, तेव्हा तिने पान उलटले. जन्मभर कारल्याला मीठ लावून पिळणाऱ्या हातांची ही यादी होती. बाहेर आल्यावर मी विचारले, ‘आई, कधी बोलली नाहीस?’ ती म्हणाली, ‘कोणी विचारलं नव्हतं गं.’ स्वरात तक्रार नव्हती. काय आवडते तेही मग सांगितले: सराफ्यातले गराडू, वरून मसाला आणि लिंबू पिळलेले. लग्नानंतरच्या सबंध आयुष्यात तिने ते तीन-चारदाच खाल्ले होते.

पुढची अडीच-तीन वर्षे वहिनीने तिच्या पानात कारले वाढले नाही. २०१७ च्या पौषात आई गेली.

वर्षश्राद्धाच्या वेळी प्रश्न उभा राहिला. दादा म्हणाला, श्राद्धाच्या स्वयंपाकात कारले हवेच, आपल्याकडे ते कधी चुकले नाही. मी म्हटले, जिच्यासाठी पान मांडायचे तिने ते नको म्हणून लिहून दिले आहे. त्यावर दादा ‘शास्त्र आणि रुग्णालयाचा कागद एक नव्हे’ असे म्हणाला. दोन दिवस आम्ही भावंडे एकमेकांशी बोललो नाही. गुरुजींना विचारले तर ते म्हणाले, ‘तुमच्या घरचा आचार तुम्ही ठरवा, मला तर्पणाचं सांगा.’ वहिनीने शेवटी भांडण न करता तोड काढली. आईच्या नावाच्या पत्रावळीवर गवार, भोपळा, अळू, वडे, खीर, आमसुलाची चटणी आणि कोपऱ्यात तळलेले गराडू. कारले पंगतीच्या पातेल्यात.

पंगत बसली. दादाच्या पानात कारल्याची भाजी पडली. रीतीप्रमाणे त्याने तिला बोट लावले आणि जेवण झाल्यावर ती तशीच ठेवून उठला. वहिनीने पत्रावळ उचलली. आम्ही दोघी मागे जेवायला बसलो तेव्हा मी तिला विचारले, ‘वहिनी, तुम्हाला काय आवडत नाही?’ ती हसली. म्हणाली, ‘सांगते वन्सं, आधी भांडी आवरू द्या. यादी मोठी आहे.’