चौलच्या वाडीतलं खापर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन चौलला गेलो. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. या वाड्यांच्या जागी एकेकाळी मोठं बंदर होतं. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ मध्ये बगदादचे अल-मसऊदी इथे आले. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत बसरा, सिराफ, ओमान, बगदादहून आलेले आहेत आणि इथेच जन्मलेलेही आहेत, असं त्यांनी लिहून ठेवलं.

आमच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेलं एक खापर होतं. वीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर पहिल्यांदा इथे आलो, तेव्हा पावसाने धुतलेल्या बांधावर ते चमकताना दिसलं आणि आम्ही उचललं. वर हिरवट-निळी झिलई, आत पिवळसर माती. असे जाड रांजण दक्षिण इराकमध्ये, बसऱ्याकडे घडत आणि माल भरून गलबतांतून येत. इतकी वर्षं ते आमच्या शोकेसमध्ये होतं. पाहुण्यांना आम्ही कौतुकाने दाखवायचो.

वाडीच्या मालकांची परवानगी घेऊन आम्ही बांधाबांधाने फिरलो. धाकटीला लगेच दोन तुकडे दिसले. दोन्हींच्या तुटलेल्या कडेवर आम्ही पाण्याचा थेंब टाकला. साध्या मातीच्या तुकड्याने तो पिऊन टाकला. दुसरा पांढराशुभ्र, निळ्या नक्षीचा. त्यावर थेंब तसाच राहिला. ही खरी चिनी माती. मग या निळ्या रंगाची गोष्ट निघाली. नवव्या शतकात बसऱ्याचे कुंभार चिनी भांड्यांसारखी पांढरी भांडी करू पाहत होते आणि त्यांवर कोबाल्टचा निळा रंग भरत होते. पुढे इराणचा कोबाल्ट चीनला गेला, तिथल्या कारागिरांनी त्याने आपली भांडी रंगवली आणि ती पुन्हा आपल्याच समुद्रातून पश्चिमेकडे गेली. हुनर कुणा एकाचा राहत नाही, हे मुलांना तिथे उभ्याउभ्या समजलं.

तेवढ्यात धाकटीने विचारलं, ‘‘अब्बू, आपलं खापर कुठल्या वाडीतलं?’’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते आम्हाला आठवत नव्हतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलला उत्खनन केलं आहे. असं काम करताना प्रत्येक तुकडा किती खोलीवर, कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाला, याची नोंद होते. त्या नोंदीमुळेच तो साक्ष देतो. आम्ही उचललेल्या तुकड्याची साक्ष आम्हीच बंद केली होती.

‘‘मग इथेच ठेवून देऊ या,’’ थोरला म्हणाला. त्यासाठीच तर ते आणलं होतं. पण कुठे ठेवणार? चुकीच्या बांधावर ठेवलं तर ती खोटी गवाही होईल.

असरची अजान झाली. धाकटीने शेजारी पेन्सिल ठेवून आपल्या दोन्ही तुकड्यांचे फोटो काढले आणि जिथून उचलले तिथेच ते ठेवले. आमचं खापर आम्ही परत आणलं. आता ते शोकेसमध्ये नाही. शाळेच्या इतिहासाच्या कपाटात आहे, सोबत चिठ्ठी आहे: ‘चौल. नेमकी जागा माहीत नाही. चूक आमची.’

कुणाच्या अमानतीला हात लावण्यापूर्वी मुलांनी ती चिठ्ठी वाचावी, एवढीच इच्छा.