गाडी घेताय? आधी कमरेला विचारा

"डॉक्टर, मोठी एसयूव्ही घेतली, तरी कंबर दुखतेच!" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, बसता कुठल्या रांगेत?

मित्राच्या पोर्शे ९११मध्ये मी एकदा बसलो होतो. बसलो कसला, खाली घसरलोच. उतरताना दाराला धरून उठावं लागलं. मागच्या दोन सीट पिशव्यांपुरत्याच. पण पुढच्या सीटने पाठ मात्र छान धरली होती. एसयूव्हीची सीट साधारण खुब्याच्या उंचीला असते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना चढउतार सोपी.

चूक होते ती तिसऱ्या रांगेत. तिथे पायाखालची जमीन उंच आणि सीट बुटकी. गुडघे कमरेच्या वर येतात, कण्याचा बाक सपाट होतो, चकतीवर ताण येतो. माझ्या आईला मी, डॉक्टर असून, तिथेच बसवून पुण्याहून कोल्हापूरला नेलं. दोन दिवस ती वाकून चालत होती.

तेव्हा शोरूममध्ये चक्कर मारण्याआधी प्रत्येक रांगेत दहा मिनिटं बसा. गुडघे कमरेच्या वर जात नाहीत ना, मांडीला आधार मिळतो ना, ते बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सोबत न्या.