शेवळांच्या मुलखात

पावसाळा आल्याची वर्दी मुंबईकराला निरनिराळ्या वाटांनी मिळते. कोणाला छत्रीच्या दुकानातील गर्दीवरून, तर कोणाला आगगाडीच्या रुळांवर साचलेल्या पाण्यावरून. काही घरांत मात्र ती भाजीच्या पिशवीतून येते. मृगाच्या आगेमागे कल्याण-ठाण्याच्या बाजारांत ठाकर-कातकरी बायका जांभळट-तपकिरी, टोकदार कळ्यांच्या जुड्या मांडून बसतात. शेजारी आवळ्याच्या धाकट्या बहिणी शोभाव्यात अशा हिरव्या काकडांचा वाटा असतो. हीच शेवळे. जाणती गृहिणी फारशी घासाघीस करीत नाही, कारण हा पाहुणा थोड्याच आठवड्यांचा असतो.

पण जुडी पाहिली म्हणजे झाड पाहिले असे नव्हे. त्यासाठी जूनच्या आरंभी नेरळला उतरावे आणि माथेरानच्या पायथ्याची वाट धरावी. भाषेच्या मास्तराने वनस्पतींत लुडबूड का करावी, असे कोणी म्हणेल. परंतु शब्दाचा अर्थ जसा संदर्भावाचून लागत नाही, तसे हे झाडही त्याच्या जागेवाचून ओळखता येत नाही. ऐन-सागाच्या रानाची कड, पाणी न साचणारा उतार आणि वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याने भुसभुशीत झालेली माती, हे त्याचे घर. गुजरातच्या डांगी रानांपासून केरळपर्यंत सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर ते वाढते.

वर्षाचे कितीतरी महिने शेवळ जमिनीखाली कंदात निजलेले असते. पहिले पाणी मुरले की पाचोळा सारून ठिपक्याठिपक्यांचा एक लांब दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला कळी असते. पान एकही नाही! फूल सरल्यावर मग एकच पान छत्रीसारखे उघडते. जूनमध्ये फूल पाहून गेलेला मनुष्य ऑगस्टमध्ये त्याच जागी आला, तर त्याला हे भलतेच कोणी झाड वाटेल.

अळू आणि सुरण हे त्याचे सगेसोयरे. रानसुरणाचे फूल बुटके, घंटेसारखे पसरट, जमिनीला टेकून बसलेले. त्याच्या पानाचा देठ हाताला खरखरीत लागतो, तर शेवळाचा गुळगुळीत. घाटमाथ्यावरचा सापकांदा नागाच्या फण्यासारखा पुढे वाकतो. शेवळ मात्र सरळ ताठ उभे. त्याच्या आवरणातून वर निघालेला लांब, गडद सोट दिसला की ओळख पटली म्हणून समजावे.

आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते खरे म्हणजे पांघरूण घेतलेले कणीस आहे. खरी फुले बारीक, आत बुडाशी दडलेली. मादीफुले खाली, नरफुले वर. मादीफुले आधी तयार होतात, त्यामुळे घरचा पराग घरात उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या शेवळावरून कीटकांनी आणावा लागतो आणि त्यांना बोलावण्यासाठी हे फूल सडका वास सोडते. सुमात्रा बेटातील त्याचा अवाढव्य भाऊबंद इटालियन शोधक बेक्कारी यांना 1878 साली सापडला. त्याचे फूल पुरुषाहून उंच होते, पण युक्ती हीच. शेवळाला एंग्लर या जर्मन शास्त्रज्ञाने 1879 मध्ये ‘अमॉर्फोफॅलस’ कुळीत बसविले. त्या ग्रीक नावाचा अर्थ मात्र घरातल्या लहानथोरांनी वाचावयाच्या अंकात न सांगितलेलाच बरा.

हे सारे कुटुंबच खाजरे. पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुया असतात; त्या जिभेत रुतल्या की अन्नपूर्णेचाही उद्धार होतो. म्हणून बुडाचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकावयाचा आणि भाजीत काकडांचा आंबट रस घालावयाचा. मग त्यात कोणी सोडे घालतात, कोणी डाळ.

उतारावर एक ठाकर मावशी शेवळे खुडीत होत्या. एका ठिकाणची चार काढली आणि दोन तशीच ठेवून त्या पुढे निघाल्या. मी म्हटले, “मावशी, ही दोन राहिली की!”

“राहू दे, दादा. ती रानाची,” त्या म्हणाल्या.

त्या शब्दांत वनस्पतिशास्त्राचा एक धडा होता. बाजारात येते ती न उमललेली कळी. म्हणजे जुडीतले प्रत्येक शेवळ हे न धरलेले बी. कंद खाली शाबूत असतो, म्हणून पुढल्या वर्षी ते पुन्हा उगवते. पण नवी रोपे यावयाची तर काही फुले फळली पाहिजेत. आपल्या पिशव्या मोठ्या झाल्या की त्या मागे ठेवलेल्या दोन फुलांवरही डोळा जातो. त्याहून वाईट म्हणजे जागाच जाणे. कर्जतच्या आसपास सुट्टीच्या बंगल्यांसाठी उतार सपाट होत आहेत. ते काम बहुधा उन्हाळ्यात चालते. तेव्हा शेवळ जमिनीखाली असते. वर पान नाही, फूल नाही. यंत्र चालविणाऱ्याला तेथे काही उगवते याची कल्पना तरी कशी यावी?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा शेवळाचे पान पिवळे पडू लागलेले असेल. दिवाळीच्या सुट्टीत त्या बाजूला जाणे झाले, तर मुलांना ते एकुलते एक पान दाखवावे आणि जागा ध्यानात ठेवावी. पुढच्या जूनमध्ये तेथेच फूल पाहावे. खुडावयाचे काम मात्र मावशींवर सोपवावे. भाजी हवी तर त्यांच्याकडूनच जुडी घ्यावी, आणि काकडांचा वाटा विसरू नये.