दुकानातली वही काय सांगते?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

नोव्हेंबर 2019 मध्ये तीन आठवडे सगळ्या ग्रुपवर एकच विषय चालू होता, सरकार कुणाचं येणार. राष्ट्रपती राजवट लागली तरी कुणाकडे किती आमदार ही मोजणी काही थांबली नव्हती. मी आज वेगळ्या आकड्यांवर लिहितोय.

भोसरीत आमचं किराणा दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. एमआयडीसी जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक कंपन्यांत आणि वर्कशॉपमध्ये काम करणारं. कुणी बीड-लातूरकडचं, कुणी बिहार-यूपीचं, काही इथले जुने. अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही, पण रोज सकाळी सात ते रात्री दहा काउंटरवर उभा असतो.

ऑक्टोबर 2019 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद मुंबईत म्हणाले की 2 ऑक्टोबरला तीन सिनेमांनी मिळून एका दिवसात 120 कोटींचा धंदा केला, मग मंदी कुठे आहे? दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते विधान मागे घेतलं, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. पण मंदी बघायला थेटरात कशाला जायचं? किराणा दुकानात संध्याकाळी एक तास उभं राहा.

माझ्या दुकानात आजवर एकही माणूस 'मंदी आहे हो' म्हणत आलेला नाही. लोक यादी बदलतात, बस्स.

पहिला बदल मला जूनमध्ये दिसला. महिन्याच्या सात-आठ तारखेला पगार झाला की किराणा भरायला येणारी घरं आठवड्याला यायला लागली. पाच लिटर तेलाचा डबा नेणारे एक लिटरची पिशवी नेऊ लागले. डबा घेतला तर लिटरमागे चार-पाच रुपये वाचतात, हे त्यांनाही माहीत आहे. पण एकदम तेवढे पैसे हातातून सोडायला मन धजत नाही. म्हणजे ज्याला बचत करायची आहे, तोच महाग माल घेतोय.

मग तूरडाळीच्या जोडीला मसूरडाळ वाढली. काजू, बदाम, वेलदोडे मागणारं कमी झालं. लहान पोरांचं क्रीमचं बिस्कीट गेलं आणि ग्लुकोजचा पाच रुपयांचा पुडा आला. पुढे पुढे तो पुडासुद्धा आई हातात घेऊन परत ठेवताना दिसायला लागली. ऑगस्टमध्ये पार्लेच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की मागणी अशीच राहिली तर आठ-दहा हजार माणसं कमी करावी लागतील. ब्रिटानियाचे प्रमुखही म्हणाले होते की गिऱ्हाईक पाच रुपयांची वस्तू घेतानाही दोनदा विचार करतंय. पेपरात हे वाचून बऱ्याच जणांना नवल वाटलं. मला नाही वाटलं, कारण तो दोनदा केलेला विचार मी रोज समोर बघत होतो.

एक गोष्ट मात्र उलटी झाली. तीन-चार वर्षांपूर्वी डी-मार्टला गेलेली दहा-बारा घरं माझ्याकडे परत आली. सुरुवातीला मी खूश झालो. बायकोला म्हणालो, "बघ, शेवटी जुनं ते सोनं." आठवडाभरात उलगडा झाला. त्यातल्या एक वहिनी बिल झाल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊ, या महिन्याचं लिहून ठेवाल का?" मॉलमध्ये माल स्वस्त मिळतो, उधारी मिळत नाही.

त्या वहिनींच्या मिस्टरांची नोकरी गेलेली नाही. पर्मनंट आहेत. फक्त ओटी बंद झालाय आणि कंपनीत महिन्याला चार-सहा दिवस ब्लॉक क्लोजर असतो. जुलैमध्ये देशात प्रवासी गाड्यांची विक्री वर्षभरापूर्वीच्या तुलनेत 31 टक्क्यांनी घटली. त्या बातमीचा आमच्या भागातला अर्थ असा की चाकणच्या मोठ्या कंपनीची लाइन थांबली, भोसरीतल्या वर्कशॉपची ऑर्डर निम्मी झाली आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना ब्रेक मिळाला. रूमवर चौघं राहणारी पोरं होती, त्यातले दोघं गणपतीला गावी गेले ते आलेच नाहीत. त्यांच्या नावावर वहीत 1,140 रुपये आहेत. ते बुडवणार नाहीत असं मला वाटतं, पण ते परत कधी येतील हे त्यांनाही माहीत नसेल.

ज्यांचं काम सुटलं त्यांनी खर्च कमी केला, हे कळण्यासारखं आहे. पण ज्यांचा पगार अजून व्यवस्थित चालू आहे, त्यांनीही हात आखडला. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड काका आहेत. पेन्शन आहे, मुलगा चांगला कमावतो. पीएमसी बँकेत आधी हजार, मग दहा हजार, पंचवीस हजार अशी पैसे काढायची मर्यादा लागली, तेव्हा काकांनी त्यांच्या सहकारी बँकेतली एक एफडी मोडली. त्यांचा पीएमसीशी काडीचा संबंध नाही. मी विचारलं, "काका, पैसे आता कुठे ठेवले?" म्हणाले, "कपाटात. निदान दिसतात तरी." दर दिवाळीला दोन किलो तूप नेणाऱ्या काकांनी यंदा अर्धा किलो नेलं. हा माणूस गरीब झालेला नाही, घाबरलाय. काउंटरवरून दोन्ही सारखंच दिसतं.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्यांचंच सांगत बसलो तर ते खोटं होईल.

दिवाळीला दुकानात नवा डीप फ्रीज घ्यायचा आमचा विचार होता. दुकानदाराशी भावही ठरला होता. लक्ष्मीपूजनाच्या आधी दोन दिवस मी फोन करून त्याला म्हणालो, आता नको, पाडव्याला बघू. गुढीपाडव्याला म्हणालो मी, दिवाळीच्या नव्हे. तो फक्त "बरं" म्हणाला. मी त्या दिवशी पाचवा असेन.

दुसरं त्याहून वाईट. माझ्याकडे दोन वर्षं एक पोरगा कामाला होता. सामान घरपोच करायचा, पोती उतरवायचा, गर्दीत वजन करून द्यायचा. एकोणीस वर्षांचा, प्रामाणिक. दिवाळीचा धंदा गेल्या वर्षीपेक्षा बराच कमी झाला. भाऊबीज झाल्यावर मी त्याला बोनस दिला आणि म्हणालो, "थोडे दिवस थांब, धंदा सुधारला की बोलावतो." त्याने वाद घातला नाही. सायकलची चावी गल्ल्यावर ठेवली आणि गेला.

पुढच्या आठवड्यात त्याची आई दुकानात आली. तिने घरून यादी करून आणली होती, त्याच्याच अक्षरात. तांदूळ दहा किलोचे पाच, साखर तीनची दीड, शेंगदाण्यावर काट मारलेली. चहा पावडर मी नेहमीचा पाव किलोचा पुडा काढला, तर म्हणाली, "दादा, दहावालं द्या." तक्रारीचा एक शब्द नाही. मी बिल केलं. नेहमीच्या निम्म्याहून कमी झालं.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. त्याला पगार देत होतो त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा दर महिन्याला माझ्याच गल्ल्यात परत येत होता. मी त्याचा पगार वाचवला आणि माझंच एक गिऱ्हाईक तोडलं. चाकणची कंपनी वर्कशॉपला जे करते, वर्कशॉप कामगाराला जे करतं, कामगार माझ्या दुकानाला जे करतो, तेच मी त्या पोराला केलं. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागतोय आणि सगळे मिळून खड्ड्यात चाललोय.

म्हणून सरकारने काय केलं ते बघावं लागतं. 2019 च्या एप्रिल ते जूनमधली वाढ 5 टक्क्यांवर आली, तेव्हाच्या सहा वर्षांतली सर्वांत कमी. त्यानंतर सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा मूळ कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. सरकारच्याच हिशोबाने त्यात वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडले. कंपन्या जगल्या पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण आहे तोच माल खपत नसताना कंपनी नवी मशीन कशाला टाकेल? कर वाचला म्हणून मी तरी दुकानात जास्त माल भरीन का? गिऱ्हाईक आलं तर भरीन. ग्लुकोज बिस्किटावर 2019 मध्ये 18 टक्के जीएसटी होता. तो कमी केला असता तर पाच रुपयांच्या पुड्यात निदान एक-दोन बिस्किटं वाढली असती. रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळाली तर तो पैसा त्याच आठवड्यात गावच्या दुकानात येतो. लघुउद्योगांची बिलं जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायची, असा 2006 पासून कायदा आहे. इथल्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारा, पैसे किती दिवसांनी मिळतात. तो हसेल.

आणि नोव्हेंबर 2019 मध्ये बातमी आली की लोकांच्या खर्चाचा 2017-18 चा सरकारी सर्व्हे जाहीरच करायचा नाही असं ठरलं, आकड्यांचा दर्जा बरोबर नाही म्हणून. पेपरात जे छापून आलं त्याप्रमाणे त्यात माणशी खर्च घटलेला दिसत होता. दर्जा खराब असेल तर काय खराब आहे ते दाखवा की. माझी वहीसुद्धा खराब आहे, तेलाचे डाग आहेत, पानं फाटलीत. पण उधारी वाढली म्हणून मी वही पेटीत लपवली तर नुकसान कुणाचं?

राजकारणावर कमेंटमध्ये भांडू नका, ही विनंती. आपल्या हातातलं एवढंच आहे की ज्याचं देणं आहे त्याचं वेळेवर द्या. दूधवाला, पेपरवाला, कामवाल्या मावशी, शिंपी, गॅरेजवाला. तुम्ही अडवलेले पाचशे रुपये पुढे चार ठिकाणी अडतात.

कालपासून तो पोरगा संध्याकाळी चार तास परत यायला लागलाय. पगार निम्माच देतोय, पूर्ण परवडत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. काल जाताना त्याने घरी नेण्यासाठी पाव किलो शेंगदाणे बांधून घेतले. "मांडून ठेवा" म्हणाला. मांडून ठेवलेत.