निसवणीचे दिवस

(सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर)

२२ सप्टेंबर २०२१, बुधवार

वरच्या बांधीत एच.एम.टी. निसवायला लागला. पहिल्या लोंब्या आज दिसल्या. खालच्या बांध्या अजून पोटरीत. हलका धान, १०१०, दुधात.
ऊन चांगलं आहे. आठ-दहा दिवस असंच राहू दे.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

४ ऑक्टोबरपासून शाळा सुरू. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी. दीड वर्ष ही मुलं गुरांमागे, रोवण्यावर, नाहीतर रेंज शोधत टेकडीवर. सहावीतल्या किती जणांना धड वाचता येत असेल? रात्री झोप आली नाही.
बंगालच्या उपसागरात डिप्रेशन तयार झालं म्हणे.

२५ सप्टेंबर, शनिवार

सकाळी डीप डिप्रेशन, संध्याकाळी चक्रीवादळ. नाव गुलाब. पाकिस्तानने दिलेलं. १३ देशांनी दिलेल्या नावांची यादी आहे, त्यातून पाळीपाळीने येतं.

वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ, ८८ च्या पुढे गेला की तीव्र. हे पहिल्याच पायरीवर. टीव्हीवरचा निवेदक ‘फारसं तीव्र नाही’ म्हणाला आणि दुसऱ्या बातमीकडे वळला. वाऱ्याच्या हिशेबाने बरोबर आहे. पण आमच्याकडे येईपर्यंत वारा संपलेला असतो. पाणी संपलेलं नसतं.

काकांना सांगितलं. ते धुऱ्यावर उभे राहून पूर्वेकडे बघत राहिले. म्हणाले, “धान फुलावर हाय गुरुजी. आता नको.”

२६ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी कलिंगपट्टणमच्या उत्तरेला किनाऱ्यावर आलं. वारा ७५ ते ८५. श्रीकाकुळमकडच्या मच्छीमारांची होडी उलटली. माणसं गेली.

नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. तिथून आमचं गाव सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. मध्ये बस्तर, इंद्रावती, गडचिरोलीचं जंगल.

सातवीला शिकवताना लागेल म्हणून टिपून ठेवतो. २६-२७ अंशांहून उबदार समुद्र. त्याची वाफ वर चढते, थंड होऊन तिचं पाणी होतं, त्या वेळी उष्णता सुटते. त्या उष्णतेवर वादळ जगतं. जमिनीवर आलं की वाफ तुटते, झाडाझुडपांत, डोंगरांत वारा अडखळतो. मग ते विझायला लागतं. पण सोबत आणलेली वाफ कुठेतरी सोडावीच लागते.

आभाळात उंचावर पांढऱ्या रेघा. पूर्वेकडून आलेल्या.

२७ सप्टेंबर, सोमवार

आज हस्त लागला. पहाटेपासून झाकोळ. पाऊस नऊच्या सुमाराला सुरू झाला. नेमका नऊला.

धानाचं फूल सकाळी नऊ-दहाला उघडतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्याच वेळात पराग पडायचा असतो. एका लोंबीचा फुलोरा पाच-सात दिवसांत आटोपतो. त्या दिवसांतल्या सकाळी पावसात गेल्या की दाणा भरत नाही, नुसतं फोल राहतं. लोंबी मात्र बाहेरून भरलेल्या लोंबीसारखीच दिसते. पंधरा दिवस कळत नाही.

दुपारी थांबेल असं वाटलं. थांबला नाही.

संध्याकाळी बांध्या काठोकाठ. धुरा फोडायला हवा होता. हिने जाऊ दिलं नाही. बोडीच्या पाळीवर वाघाचे ठसे आहेत, वनरक्षकांनीही पाहिले. अंधारात एकट्याने जायचं नाही, हे गावात ठरलेलं आहे.

कंदील लावून पावसाचा आवाज ऐकत बसलो.

२८ सप्टेंबर, मंगळवार

उजाडल्यावर चौघे मिळून गेलो, डबे वाजवत. धुरे फोडले. १०१० निम्म्याहून जास्त आडवा. ओंब्या पाण्यात. हिने आणि काकूंनी चार-चार बुंधे एकत्र बांधून उभे करायला घेतले. पाठ मोडणारं काम. एच.एम.टी. उभा आहे.

पाऊस आहेच, बारीक.

दुपारी बातमी. उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला पूर, नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली. त्या रस्त्याने मी किती वेळा गेलो आहे. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले. बीड, लातूर, उस्मानाबादेत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली. आमच्यापेक्षा तिकडे फार झाला. चक्रीवादळ म्हणून ते कालच संपलं होतं. हे सगळं त्यानंतरचं.

भामरागडच्या सोबती शिक्षकांना फोन लागेना. पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढलं की तालुका तुटतो, टॉवरही बंद पडतो.

२९ सप्टेंबर, बुधवार

नऊ ते बारा ऊन!

३० सप्टेंबर, गुरुवार

भामरागडचा फोन लागला. सुखरूप आहेत. ४ तारखेला नदी उतरलेली असू दे, एवढंच म्हणाले.

गुलाबचं उरलंसुरलं गुजरात ओलांडून खंबातच्या आखाताकडे. पुढे अरबी समुद्र. पुन्हा उबदार पाणी मिळालं, पुन्हा डिप्रेशन. पत्रकात दिशा पश्चिम-वायव्य. मकरान, ओमान.

ताईचा मुलगा मस्कतला आहे.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा चक्रीवादळ झालं. मधल्या काळात ते साधं कमी दाबाचं क्षेत्र होऊन गेलं होतं, म्हणून आता नाव नवं. शाहीन. हे कतारचं. आमच्या धानावरून गेलेलं तेच हे.

ताईला अजून माहीत नसावं. तिला ब्रह्मपुरीला फोन केला, पितरांच्या जेवणाचं बोललो, ठेवला.

२ ऑक्टोबर, शनिवार

गांधी जयंती. शाळा झाडली. दोन वर्गांत छत गळतंय. ग्रंथपेटीतल्या पुस्तकांना बुरशी. व्हरांड्यात वाळत घातली. पानं चिकटलेली, पोरींनी एकेक करून सोडवली.

ताईचाच फोन आला. तिला टीव्हीवरून कळलं. “तू काल फोन केलास तेव्हा तुला ठाऊक होतं ना रे?”

३ ऑक्टोबर, रविवार

ओमानने दोन दिवस सुट्टी जाहीर केली. मस्कतची विमानं थांबवली. भाचा दुपारी बोलला. खालच्या मजल्यावरची खोली सोडून सगळे वर गेलेत, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात. रस्त्यातून पाणी वाहतंय. वाळवंटातली माती पाणी पीत नाही म्हणे, सगळं वाद्यांतून, म्हणजे कोरड्या नाल्यांतून, एकदम येतं.

त्यानंतर फोन बंद.

आता ते तीव्र चक्रीवादळ आहे. गुलाबला कधी गाठता आलं नाही ते बळ याने धरलं. ओमानच्या आखातात इतकं आत वादळ क्वचितच शिरतं. ताई दर अर्ध्या तासाने फोन करते. मला काय माहीत असणार? तरी उचलतो.

४ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे निरोप. वाचलो मामा, आईला सांगा. वादळ बातिनाच्या किनाऱ्यावर गेलं, मस्कतच्या पश्चिमेला. सुवैक, खाबूरा पाण्याखाली आहेत.

शाळा भरली. मास्क लावून, अंतर ठेवून. काही चेहरे ओळखू येईनात, एवढी उंच झालीत. फळ्यावर वादळाची वाट काढली: कलिंगपट्टणम, बस्तर, तेलंगणा, मराठवाडा, खंबात, ओमान. आमचं गाव रेषेच्या उत्तरेला. मोठ्याने वाचायला सांगितलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने अक्षरं जुळवत, घाम पुसत, खंबातपर्यंत वाचलं. वर्ग थांबून ऐकत होता. कोणी हसलं नाही.

एकीने विचारलं, समुद्र गोसेखुर्द धरणापेक्षा मोठा असतो का.

७ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. लोंब्या दाबून पाहिल्या. २९ तारखेनंतर फुललेल्या लोंब्यांत दूध भरतंय. २७-२८ ला फुललेल्या बोटांत चपट्या होतात. वरच्या बांधीत अशा जास्त. तीच आधी निसवली होती. किती, ते मळणीला कळेल.

एच.एम.टी. हा वाण काढणारे दादाजी खोब्रागडे इथून जवळच्या नांदेडचे, नागभीड तालुक्यातले. लोंबी लोंबी निवडून काढलेला वाण. एवढ्या बारीक नजरेने त्यांनी ही फोलं पाहिली असती.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

विम्याचं विचारून आलो. धान पाण्यातलं पीक, म्हणून उभ्या धानात पाणी साचलं तर एकट्या शेताचा दावा बसत नाही. कापून पसरलेला धान पावसात सापडला तर बसतो, १४ दिवसांच्या आत, ७२ तासांत कळवलं तर. फूल धुऊन गेलं त्याला रकाना नाही. मंडळातल्या पीक कापणी प्रयोगात सरासरी उतरली तरच काही. काका ऐकून म्हणाले, “सरासरीत माझी बांधी कोठी दिसन?” हे तलाठी कार्यालयात लिहून द्यायला हवं. कोणी वाचो न वाचो, अर्ज मी लिहिणार आहे, गावातल्या सगळ्यांच्या सह्यांनी.

खालच्या बांधीत बुंध्याशी तुडतुडे. ढगाळ, दमट हवेने वाढले. पाणी काढून टाकलं, ओळी फाकवून वाट केली. उरलेला युरिया टाकू नका म्हणून काकांना सांगितलं.

उद्या सकाळची शाळा. दुपारी काकांच्या बांध्या पाहायच्या, सह्या घ्यायच्या.